सांगलीकरांची सोन्याची खाण बघायला: शहापूर ते कप्पतगुड्ड, तीन दिवस

आधी हे सांगतो की हा सगळा खटाटोप अप्पांमुळं, म्हंजे माझ्या वडिलांमुळं झाला. आमचं घर बेळगावातल्या शहापूरचं, अप्पांनी पन्नासेक वर्षं बागेसरीपुढं, म्हंजे सोनाराच्या शेगडीपुढं बसून सोनं वितळवलं, आता शहात्तर वय आहे, हात थरथरतो म्हणून काम बंद. एका रात्री जेवताना सहज म्हणाले की एवढं सोनं हातातनं गेलं पण दगडातलं सोनं कधी बघितलं नाही बघ, आपल्याकडं येतं ते मुंबईहून बिस्कीट होऊनच येतं. मी त्याच आठवड्यात गदगच्या डोंगरातल्या जुन्या खाणींबद्दल कायतरी वाचत होतो, त्यात एका खाणीचं नाव चक्क 'सांगली माइन' होतं, ते सांगितलं तर घास हातात तसाच.

"सांगलीची? म्हंजे आपलीच की!"

बाहेरच्यांना हे कळायचं नाही म्हणून थोडक्यात. शहापूर हे बेळगावला चिकटून असलं तरी १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. रस्त्याच्या अलीकडं पटवर्धनांचं राज्य, पलीकडं इंग्रजांचं. संस्थान सगळं तुकड्या-तुकड्यांचं, मंगळवेढा एकीकडं, तेरदाळ एकीकडं, शहापूर इथं आणि शिरहट्टी तिकडं लांब गदगजवळ. कप्पतगुड्ड म्हणून डोंगरांची रांग आहे तिच्या पायथ्यालाच शिरहट्टी, तेव्हा खाणीला सांगलीचं नाव कसं पडलं याचा अंदाज यायला फार डोकं लागत नाही. मग ठरलंच. मी, अप्पा, गाडी चालवायला चुलतभाऊ दाद्या आणि नववीतली माझी मुलगी पिंकी. पिंकीला न्यायचं खरं कारण कन्नड. मला कन्नड बाजारापुरतं येतं, दाद्याला शिव्यांपुरतं, ती शाळेत शिकते त्यामुळं पेपर वाचते.

पहिला दिवस

साडेसहाला निघू म्हणत सव्वासात वाजले, कारण आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्याची किटली असं सगळं भरून दिलं आणि अप्पांनी शेवटच्या क्षणी परत आत जाऊन कायतरी खिशात घातलं. काय ते विचारलं तर "असू दे की" एवढंच.

हुबळीचा हायवे सोपा पडला असता पण आम्ही मुद्दाम बैलहोंगल-सौंदत्ती-नरगुंद असा आतला रस्ता धरला. बैलहोंगलला स्टँडसमोर उप्पीट-शिरा, एका प्लेटमध्ये अर्धं-अर्धं, वर खोबऱ्याची चटणी, हे खाल्ल्याशिवाय त्या रस्त्यानं पुढं जाऊ नये असं माझं मत आहे. राणी चन्नम्माची समाधी इथंच आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला गाडीतनंच हात जोडले, अप्पा म्हणाले परतीला जाऊ, परतीला वेगळ्याच रस्त्यानं आलो ते सोडा.

सौंदत्ती सोडली की जमीन बदलते. आमच्याकडचा लाल-तांबूस रंग संपून काळीभोर रानं सुरू, कापूस, हरभरा, मिरची, रस्त्याकडेला कांद्याच्या पोत्यांच्या थप्प्या. नोव्हेंबर संपत आला होता त्यामुळं ऊन सोसण्यासारखं. नरगुंदचा डोंगर लांबनंच दिसतो, सपाटीवर एकटाच उभा. इथं अप्पांनी गाडी थांबवायला लावली आणि बाबासाहेब भाव्यांची गोष्ट सुरू केली, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय, पण समोर डोंगर असताना ऐकायला वेगळं वाटतं. नरगुंदचे संस्थानिक, दत्तक नामंजूर झाला म्हणून आधीच चिडलेले, २९ मे १८५८ ला सुरेबानला पोलिटिकल एजंट मॅन्सनला त्यांनी मारलं आणि त्याचं डोकं आणून नरगुंदच्या वेशीवर टांगलं. आणि १२ जूनला स्वतः बाबासाहेब बेळगावात फाशी. चौदा दिवसांत सगळं आटोपलं. पिंकी म्हणाली आमच्या पुस्तकात हे कन्नडमध्ये आहे, नरगुंद बाबासाहेब म्हणून. बरं वाटलं. दोन्ही भाषांना हवाहवासा वाटणारा माणूस आमच्या भागात तसा दुर्मिळच.

गदगला लॉजवर सामान टाकलं, दशम्या संपवल्या आणि दुपारी अकरा-बारा किलोमीटरवरच्या लक्कुंडीला गेलो. लक्कुंडीची देवळं बघायला एक अख्खा दिवस पाहिजे, आम्ही तीन तासांत उरकलं याची लाज वाटते. काशीविश्वेश्वराच्या दारचौकटीपुढं अप्पा जे उभे राहिले ते हलेचनात. पत्र्यावर ठसे काढतात तसं काम आहे म्हणाले, इथं बघ, या वेलीचा वळसा हत्यार न उचलता काढलाय. मला काही दिसलं नाही, त्यांना दिसलं. अत्तिमब्बेनं १००७ साली बांधलेली ब्रह्म जिनालय बसदी, म्हंजे जैन मंदिर, पण बघितली. पण आमच्या कामाची माहिती वेगळीच होती, ती म्हंजे कल्याणी चालुक्यांच्या काळात हे गाव 'लोक्किगुंडी', इथं टांकसाळ होती आणि इथले सोन्याचे गद्याण नाणं म्हणून चालायचे. म्हंजे डोंगर इथनं अर्ध्या-पाऊण तासावर आणि टांकसाळ इथं. ते सोनं त्याच डोंगरातलं होतं असं मी म्हणत नाही, अप्पा मात्र रात्री झोपेपर्यंत तेच म्हणत होते.

रात्री गदगच्या गाड्यावर गिरमिट आणि मिरची भजी. भजी बेळगावपेक्षा चांगली, हे दाद्यानं कबूल केलं म्हंजे झालंच. लॉजबद्दल एवढंच सांगतो की गरम पाण्याचं वचन मिळालं होतं.

दुसरा दिवस

यासाठीच आलो होतो. कप्पतगुड्ड २०१९ पासून वन्यजीव अभयारण्य आहे, २४४ चौरस किलोमीटर, त्यामुळं मनाला येईल तिथं घुसता येत नाही. वनखात्याच्या माणसांना भेटून, अप्पांकडं बोट दाखवून, पिंकीच्या शुद्ध कन्नडचा वापर करून परवानगी घेतली आणि सोबत एक वॉचर मिळाला. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्ट आणि पायात साध्या स्लिपर. गाडीत बसल्या-बसल्या त्यानं पिंकीला म्हण शिकवली, "एप्पत्तु गिरी नोडूदकिंत कप्पतगिरी नोडू". सत्तर डोंगर बघण्यापेक्षा एक कप्पतगिरी बघ. एप्पत्तु-कप्पत हे यमक मराठीत जुळवायचा दाद्यानं दिवसभर प्रयत्न केला, नाही जमलं.

आता आपल्याकडच्या सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाला हा डोंगर पहिल्या नजरेत काहीच वाटत नाही. उंच कडे नाहीत, धबधबे नाहीत, झाडं खुरटी, गवत पिवळं पडत चाललेलं आणि वरच्या धारेवर पवनचक्क्यांची रांग. खाली उतरून चालायला लागलं की मग कळतं. पायाखालची माती कुठं गेरूसारखी, कुठं हिरवट, कुठं एकदम काळी जांभळी, दर शंभर पावलांवर रंग बदलतो. वॉचर चालता-चालता पानं खुडून देत होता, हे साखरेच्या रोगाला, हे विंचवाला, लांबनं लोक येतात म्हणे इथल्या औषधी वनस्पतींसाठी. ही रांग साठेक किलोमीटर लांब, गदगजवळनं सुरू होते ती तुंगभद्रेपर्यंत. इथले दगड अडीचशे कोटी वर्षांपेक्षा जुने, आणि जगभरचे भूगर्भवाले या दगडांना 'धारवाड' म्हणून ओळखतात, आपलं तेच पेढ्यांचं धारवाड! हे नाव दिलं रॉबर्ट ब्रूस फूट या साहेबानं. त्यानंच १८७४ मध्ये डंबळच्या डोंगरातल्या, म्हंजे याच रांगेतल्या सोन्यावर लेख लिहिला होता. कोलार, हट्टी आणि हे गदग, सोनं सगळं याच धारवाडी दगडांच्या पट्ट्यांत.

कबुलायतकट्टी हे पहिलं गाव. नाव ऐकून अप्पा हसायला लागले, कारण कबुलायत हा शब्द आमच्या घरच्या जुन्या मोडी कागदांत पानोपानी आहे, शेताचा करार. कोणी कोणाला काय कबूल केलं होतं कुणास ठाऊक, गावात विचारलं तर सांगणारं कोणी भेटलं नाही. डोंगरात पुढं लंबाणी लोकांचे तांडे आहेत. एका घराच्या ओट्यावर म्हातारी आज्जी शेंगा फोडत बसली होती, तिला पिंकीनं विचारलं, आज्जी इथं सोन्याची खाण कुठं होती. आज्जीनं आमच्याकडं वरनं खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बंगार एल्लैती री, बरे कल्लु." सोनं कुठलं, नुसते दगड. मग मूठभर शेंगा दिल्या सगळ्यांना.

तांड्यापासनं वीसेक मिनिटं चालल्यावर वॉचर थांबला. आधी काही दिसेना. मग डोळा सरावला तसं दिसायला लागलं, एका रेषेत खड्डेच खड्डे, काही गवतानं भरलेले, मध्येच पडक्या दगडी भिंतीचा एक कोपरा, चुन्यात बांधलेला, आणि उतारावर पांढऱ्या फोडलेल्या गारगोट्यांचा ढीग. इतका पांढरा की लांबनं वाटावं कोणी चुना सांडलाय. एका ठिकाणी चौकोनी विहिरीसारखं तोंड, भोवती काटेरी तार. पिंकीनं वॉचरची नजर चुकवून आत खडा टाकला आणि मोजलं, दोन सेकंद, म्हंजे वीस मीटर. खाली गाळानं भरलंय, पूर्वी खोल होतं. खडा पडला तशी आतनं वटवाघळं उठली आणि एक उग्र वास वर आला, वॉचर पिंकीवर जे खेकसला ते कन्नड तिच्या शाळेत शिकवत नसावेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपन्यांनी या डोंगरात ठिकठिकाणी खाणी काढल्या. कोलारला तेव्हा सोन्याचा धूर निघत होता. ती खाण पुढं तीन किलोमीटरच्या वर खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. तर कोलारसारखंच इथं पण निघेल म्हणून लंडनच्या लोकांनी पैसा ओतला. कबुलायतकट्टी, होसूर, अत्तिकट्टी, सांगली, सगळीकडं खोदलं, आणि १९१० च्या आसपास गाशा गुंडाळला. सोनं होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि जे होतं ते गारगोटीच्या शिरांमध्ये एवढ्या बारीक कणांनी की डोळ्याला दिसत नाही. दगड फोडायचा, लोखंडी मुसळांच्या गिरणीत कुटून पीठ करायचं, ते पाण्याबरोबर पाऱ्यावरनं सोडायचं, पारा सोनं धरून ठेवतो, मग पारा उडवून सोनं वेगळं. पाऱ्यातनं निसटलेलं सायनाइडमध्ये. आणि या डोंगरात पाऊस मुळातच बेताचा.

पाऱ्याचं ऐकून अप्पा म्हणाले हे तर आपले झारेकरी करायचे की. हे मला नवीन होतं. शहापूरच्या सराफी पेढ्यांत पूर्वी वर्षाचा केर विकत घ्यायला झारेकरी यायचे, बागेसरीची राख, फुटक्या मुशी, झाडलोट, जुनी जाजमं सगळं घेऊन जायचे, धुवायचे, पारा फिरवायचे आणि त्यातनं सोनं काढायचे. केरासाठी सौदा करून पैसे द्यायचे! तीच जात या भागात जलगार, हे सोनारांचा केर पण धुवायचे आणि पावसाळ्यानंतर डोंगरातल्या ओढ्यांची वाळू पण. फूटसाहेबाच्या लेखात आहेत ते. म्हंजे गोरे यायच्या आधीपासनं या डोंगराचं सोनं कोणीतरी काढतच होतं, फक्त लाकडी पाटीनं आणि पोटापुरतं.

तेवढ्यात पिंकी ओरडली. तिच्या हातातल्या दगडात पिवळे चकचकीत दाणे. मी पण एक क्षण घाबरलोच, खोटं कशाला बोलू. अप्पांनी शांतपणे खिशात हात घातला आणि कसोटी काढली. सकाळी परत आत जाऊन आणलेली वस्तू ती! काळाभोर गुळगुळीत दगड, चाळीस वर्षं वापरून मधोमध किंचित खोलगट झालेला. दाणा घासला. सोनं असतं तर पिवळी रेघ उमटली असती, कमी कसाचं असतं तर फिकट, इथं काहीच नाही, नुसती काळपट भुकटी. मग दाणा एका दगडावर ठेवून दुसऱ्यानं ठोकला तर चुरा झाला. "सोनं चपटं होतं, फुटत नाही," अप्पा म्हणाले, "हे माक्षिक." वैद्यांच्या दुकानात सुवर्णमाक्षिक मिळतं ते या जातीचं. वॉचर म्हणाला सगळे येणारे हेच उचलून ओरडतात.

मग आमचा हिशोब सुरू झाला. समजा एका टन दगडात तीन ग्रॅम सोनं, हा आपला उदाहरणाला धरलेला आकडा. एक तोळा म्हंजे ११.६६ ग्रॅम, म्हंजे एका तोळ्याला जवळपास चार टन दगड फोडायला पाहिजे. दाद्या म्हणाला एक टेम्पो भरून. अप्पा बराच वेळ गप्प बसले त्या गारगोट्यांच्या ढिगाशेजारी. मग म्हणाले, आम्ही एक गुंज इकडं-तिकडं झाली की रात्रभर फरशी झाडत होतो. एवढंच.

त्यांनी एक गारगोटी खिशात टाकली होती. वॉचरनं बघितलं आणि हात जोडून म्हणाला, अज्जा, दगड पण नेता येत नाही. अप्पांनी काढून परत ठेवली, जिथनं घेतली होती नेमकं तिथंच. मला आधी जरा जास्त वाटलं, एक दगड काय, पण हा डोंगर खाणवाल्यांच्या हातनं कितीदा वाचवावा लागलाय ते वॉचरनं येताना सांगितलं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत परत खाणींचे प्रस्ताव आले, गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामीजी स्वतः पुढं होऊन लोकांना रस्त्यावर घेऊन आले, हळ्ळीगुडीला पोस्को या कंपनीच्या पोलाद कारखान्यासाठी जमीन जाणार होती तेव्हाही तेच. स्वामीजी २०१८ मध्ये गेले, अभयारण्य त्यांच्यानंतर झालं. वॉचरच्या मोबाईलच्या कव्हरमागं त्यांचा फोटो होता.

उतरताना अत्तिकट्टीच्या बाजूला अजून दोन-तीन ठिकाणी खड्डे बघितले, तसेच. लांडगे, तरस, बिबट्या आहेत म्हणे, आम्हाला मोर दिसले आणि एक मुंगूस. संध्याकाळी डंबळ, तिथलं दोड्डबसप्पाचं देऊळ चोवीस कोनांच्या चांदणीच्या आकाराचं आहे, बघत-बघत फिरलं तर भिंत कुठं वळते ते कळत नाही. या गावात १०९५ सालचा बौद्ध तारादेवीचा शिलालेख मिळालेला. पाय इतके दुखत होते की जास्त काही लिहीत नाही, तळं मात्र सुंदर आहे.

तिसरा दिवस

सकाळी सोरटूर. फूटसाहेबाच्या काळात सोनं धुवायला सगळ्यात चांगला ओढा म्हणून सोरटूरचंच नाव होतं. मोबाईलच्या नकाशानं आम्हाला थेट ज्वारीच्या रानात नेऊन उभं केलं, पुढं रस्ता नाही, मागं वळायला जागा नाही. मालक आला, आम्ही घाबरलो, तो म्हणाला "बर्री, चहा कुडीरी". चहा घेऊन, रानाच्या बांधावरनं त्यानंच ओढ्यापर्यंत नेलं. ओढ्यात पाणी घोट्याएवढं पण नाही, मधे-मधे डबकी आणि काळसर चिखल. अप्पा चप्पल घालूनच उतरले आणि वाकून चिखल बोटांत चोळत राहिले, पिंकी म्हणाली आजोबा वाळू न्यायची नाही हां. नाही नेत गं, म्हणाले.

शिरहट्टीला फकिरेश्वराच्या मठात दर्शन घेतलं, हिंदू-मुसलमान सगळेच येतात तिथं. बाहेर पानाच्या दुकानात एक म्हातारे बसले होते, आम्ही मराठी बोलताना ऐकून कान टवकारले. कुठले विचारलं, शहापूर म्हटल्यावर म्हणाले, "हां, सांगली!" आणि मग अप्पा आणि ते, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये, अर्धा तास पटवर्धनांबद्दल बोलत बसले. कोणाला किती कळलं देवाला माहीत. सांगली माइन नेमकी कुठं हे त्यांनाही माहीत नव्हतं, हातानं सगळा डोंगर दाखवला. खाणीच्या नावानं आम्ही निघालो आणि नेमकी तीच सापडली नाही, यावर दाद्यानं परतीच्या वाटेत भरपूर तोंडसुख घेतलं. लक्ष्मेश्वरला, तेही एके काळी मिरजकर पटवर्धनांचं, सोमेश्वराचं देऊळ घाईत बघितलं आणि हुबळीमार्गे हायवेला लागलो. धारवाडला पेढे. रात्री साडेनऊला घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातनं पाण्याचा आवाज येत होता म्हणून बघायला गेलो तर अप्पा पाटावर बसलेले, पुढं आईची पितळी परात, त्यात गाडीच्या चारी मॅट आणि स्वतःच्या चपला धुतलेलं पाणी, आणि ते परात हलक्या हातानं गोल-गोल फिरवत वरचं गढूळ पाणी सोडत होते. हात अजिबात थरथरत नव्हता. माती गेली, वाळू गेली, शेवटी चमचाभर काळी रेती तळाला राहिली. पिंकीनं लोहचुंबक आणलं, निम्म्याहून जास्त त्याला चिकटली. उरलेली अप्पांनी भिंग लावून बघितली, चिमट्यानं एक कण उचलला, परत ठेवला, कसोटी मागितली, मग नको म्हणाले.

ती रेती आता जुन्या नथीच्या डबीत त्यांच्या उशाशी आहे. आईनं टाकू काय म्हणून दोनदा विचारून झालंय.